पंचेचाळीस सेकंदांचा अभ्यास
(नेवासा तालुक्यातील एमबीए प्रवेश परीक्षार्थींसाठी लिहिलेल्या अभ्यासटिपांची प्रस्तावना)

राज्याच्या एमबीए सीईटीत २०० प्रश्न असतात आणि वेळ मिळतो १५० मिनिटांचा. भागाकार केला की एका प्रश्नाच्या वाट्याला येतात ४५ सेकंद. प्रश्न वाचणे, तो समजणे, सोडवणे, पाच पर्यायांतून एक निवडणे आणि पुढे सरकणे, हे सगळे त्यातच आले. घोडेगावच्या बाजारात कांद्याच्या एका वक्कलाचा लिलाव व्हायलाही फार वेळ लागत नाही. व्यापारी गोणीत हात घालतो, कांद्याचा आकार, रंग, ओल पाहतो, वाहतूक आणि घट मनातल्या मनात धरतो आणि आकडा बोलतो. चुकला तर तोटा त्याचाच. हा हिशेब त्याला कोणत्याही क्लासने शिकवलेला नसतो. रोज तेच केल्याने तो अंगात मुरलेला असतो.

या टिपांची सुरुवात बाजारापासून करण्याचे कारण साधे आहे. परीक्षेला लागणारी हिशेबी बुद्धी नेवासा तालुक्यातल्या घराघरांत आहे. कमी पडतात त्या दोन गोष्टी: इंग्रजी वाचनाचा वेग आणि घड्याळ लावून केलेला सराव. दोन्ही कमावता येतात. पुण्यात खोली घेऊन वर्षभर राहणे ज्यांना परवडत नाही, त्यांनी केवळ तेवढ्यासाठी ही परीक्षा सोडून देऊ नये, हा या टिपांमागचा आग्रह आहे.

आधी परीक्षेची रचना. २०० पैकी ७५ प्रश्न तर्कशक्तीचे, २५ आकृत्यांवरचे, ५० गणिताचे आणि ५० इंग्रजी भाषा व उताऱ्यांचे, अशी ही विभागणी आजवर चालत आली आहे. म्हणजे निम्मी परीक्षा तर्क आणि आकृत्यांची झाली. यातला कोणताही भाग बी.कॉम., बी.एस्सी. किंवा कृषी पदवीच्या अभ्यासक्रमाशी थेट बांधलेला नाही. वाणिज्य शाखेच्या मुलाला यात फायदा नाही आणि कला शाखेच्या मुलीला तोटा नाही. परीक्षा संगणकावर होते, माध्यम इंग्रजी असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष दरवर्षी माहिती पुस्तिका काढतो. रचनेत बदल झाला तर तो तिथेच कळतो, म्हणून अर्ज भरण्याआधी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी. मित्राने सांगितले, क्लासच्या जाहिरातीत पाहिले, एवढ्यावर विसंबून राहू नये.

गुण कापले जात नाहीत, या एका नियमातून बरेच काही निघते. पाच पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तरी पाचात एकदा तो बरोबर येण्याची शक्यता असते. शेवटच्या मिनिटाला २० प्रश्न उरले आणि ते कोरे सोडले, तर सरासरीने ४ गुण टेबलावर ठेवून विद्यार्थी बाहेर पडतो. मेहनतीने अभ्यास करणाऱ्या मुलांना असे अंदाजाने टिचकी मारणे अप्रामाणिक वाटते. ही भावना समजण्यासारखी आहे, पण इथे ती बाजूला ठेवावी लागते, कारण नियम सर्वांना सारखाच आहे. शेवटची दोन मिनिटे उरलेल्या प्रश्नांवर खुणा करण्यासाठी राखून ठेवणे हा तयारीचाच भाग आहे.

हीच सवय कॅटमध्ये मात्र महागात पडते. ती परीक्षा आयआयएम संस्था घेतात, साधारणतः नोव्हेंबरच्या अखेरीस. तिचे तीन भाग, प्रत्येक भागाला ४० मिनिटे, आणि एका भागातला उरलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. २०२४ मध्ये एकूण ६८ प्रश्न होते. बरोबर उत्तराला ३ गुण, आणि पर्याय दिलेल्या प्रश्नात उत्तर चुकले तर १ गुण वजा. तिथे कोणता प्रश्न सोडून द्यायचा हे ओळखणारा पुढे जातो. सिम्बायोसिसची स्नॅप याहून वेगळी: ६० मिनिटांत ६० प्रश्न आणि चुकीला पाव गुण वजा. गावाकडे ‘एमबीएची परीक्षा’ असे एकच नाव घेतले जाते, पण नियमांनुसार या तीन निरनिराळ्या परीक्षा आहेत. सीईटीच्या गुणांवर नागपूरच्या किंवा मुंबईच्या आयआयएममध्ये प्रवेश मिळत नाही, हेही इथेच स्पष्ट केलेले बरे. अर्ज भरून झाल्यावर ही गोष्ट कळलेली मुले दरवर्षी भेटतात.

आता इंग्रजी. इथे जरा थांबायला हवे, कारण नेवाशाच्या मुलांची सर्वांत जास्त भीती याच भागाची असते.

ज्या गावात ती बसून अभ्यास करतात, तिथेच शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी संस्कृत गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. ७०० श्लोकांचा उलगडा सुमारे ९,००० ओव्यांत झाला. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसले असे मानले जाते, तो पैस खांब आजही इथे आहे आणि वारकरी त्याच्या दर्शनाला येतात. भक्तीचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा. पण त्यात अभ्यासाची एक रीतही दडलेली आहे: परक्या भाषेतले म्हणणे खरोखर समजले की नाही, हे ते आपल्या भाषेत दुसऱ्याला सांगता आले की कळते.

उताऱ्यांच्या तयारीसाठी यापेक्षा चांगला सराव सापडणे कठीण आहे. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख किंवा अर्थविषयक लेख घ्यावा. आधी घड्याळ लावून तो एका दमात वाचावा, शब्दकोश न उघडता. मग घरातल्या कुणाला तरी, आईला, आजोबांना, धाकट्या भावाला, लेखक काय म्हणतो ते चार-पाच वाक्यांत मराठीत सांगावे. ऐकणाऱ्याने ‘मग त्याचं म्हणणं काय?’ असे विचारले आणि उत्तर देता आले नाही, तर उतारा पुन्हा वाचावा. शब्द शोधायचे ते त्यानंतर. परीक्षेतला उताऱ्यावरचा प्रश्न नेमके हेच विचारतो: लेखकाचा रोख कशावर आहे, कोणते विधान उताऱ्यातून निघते आणि कोणते निघत नाही. शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करून हे येत नाही. सुरुवातीला एका लेखाला वीस मिनिटे लागतील. लागू द्यावीत. तीन महिने न चुकता केले की वेळ कमी होत जातो, आणि तो किती कमी झाला हे वहीत तारखेसह लिहिलेले असावे.

व्याकरणाच्या प्रश्नांसाठी मात्र शाळेचे नववी-दहावीचे इंग्रजी पुन्हा उघडण्यात कमीपणा मानू नये. कर्ता-क्रियापद, काळ, शब्दयोगी अव्यये, उपपदे. प्रश्न त्यांच्यावरच येतात.

गणितात नेवाशाच्या मुलांनी घाबरावे असे फार थोडे आहे. सीईटीत कॅल्क्युलेटर वापरता येत नाही, त्यामुळे जुन्या शाळेतली एक शिदोरी इथे कामाला येते. निमकी, पावकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे आजोबांच्या पिढीला तोंडपाठ असत. शेकडेवारीचे प्रश्न झटपट सोडवण्याच्या म्हणून ज्या युक्त्या आज क्लासमध्ये शिकवल्या जातात, त्यांतल्या पुष्कळशा याच पाढ्यांची नवी नावे आहेत. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा. ६४० चे साडेबारा टक्के ८०, मग साडेसदतीस टक्के २४०. हे कागदावर न लिहिता आले पाहिजे. आजोबा घरात असतील तर संध्याकाळी त्यांच्याकडून पावकी म्हणवून घ्यावी.

उदाहरणे तर दारातच आहेत. कांद्याचा भाव क्विंटलला १,६०० रुपये होता असे समजू. तो २० टक्क्यांनी पडला, नंतर २० टक्क्यांनी चढला. पुन्हा १,६०० झाला का? नाही, १,५३६ झाला, कारण दुसरे २० टक्के १,२८० वर मोजले गेले. विहिरीवरची एक मोटर ६ तासांत पाणी उपसते आणि दुसरी ४ तासांत, तर दोन्ही मिळून किती वेळ? तासाला एक सहावा आणि एक चौथा हिस्सा, मिळून बारांतले पाच हिस्से, म्हणजे २ तास २४ मिनिटे. मुळेच्या उजव्या कालव्याला आवर्तन सुटल्यावर पाण्याची पाळी धरणाऱ्या घरात काळ-काम-वेगाचे गणित पुस्तकाआधीच पोहोचलेले असते.

ऊस तर विचारूच नये. सोनईचा मुळा आणि भेंड्याचा ज्ञानेश्वर, असे दोन सहकारी साखर कारखाने याच तालुक्यात आहेत. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने जाहीर केलेला रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढतात. उतारा ११.२५ असेल तर? दहा पायऱ्या, म्हणून ३४ रुपये ६० पैशांची वाढ. दर ३८९ रुपये ६० पैसे, टनाला ३,८९६. तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते ते वेगळे. आता खरा प्रश्न: उतारा किती टक्क्यांनी वाढला? घाईत उत्तर येते, एक टक्का. पण १०.२५ वर १ ची वाढ म्हणजे जवळपास पावणेदहा टक्के. टक्क्यांमधला फरक आणि टक्केवारीने झालेली वाढ यांतली ही गल्लत तक्ते आणि आलेखांच्या प्रश्नांत हमखास करायला लावतात. कारखान्याच्या वार्षिक अहवालातले तक्ते त्यासाठी उत्तम सराव आहेत. सभासदाच्या घरात तो अहवाल येतो आणि बहुधा न उघडता कपाटावर जातो. तो खाली काढावा.

तर्कशक्तीचे ७५ प्रश्न ही या परीक्षेची खरी रणभूमी. सर्वांत जास्त गुण इथे आहेत आणि सरावाने सर्वांत लवकर सुधारणा होते तीही इथेच. त्यात नात्यांचे प्रश्न आले की मराठी मुलांनी आपली भाषा वापरावी. इंग्रजीतला ‘अंकल’ हा काका, मामा, मावसा, आत्याचा नवरा यांपैकी कोणीही असू शकतो. ‘ब्रदर-इन-लॉ’ म्हणजे दीर, मेहुणा, साडू किंवा बहिणीचा नवरा. मराठीत बहुतेक नात्यांना स्वतःचा शब्द आहे आणि पुष्कळदा त्यातच आईकडचे की वडिलांकडचे हेही सांगितलेले असते. मामाची एकुलती एक बहीण म्हणजे आई, हे मराठीत वाचले की लगेच दिसते. इंग्रजी वाक्यात तेच शोधायला चार आकृत्या काढाव्या लागतात. म्हणून कच्च्या कागदावर नाती मराठीत लिहावीत. एकच सावधगिरी: ‘कझिन’ या शब्दातून मुलगा की मुलगी हे कळत नाही. मनाने मावसभाऊ धरून चालू नये. प्रश्नात सांगितले नसेल तर ‘निश्चित सांगता येत नाही’ हेही उत्तर असू शकते.

गोलाकार बसण्याच्या कोड्यांत मुले डाव्या-उजव्यात अडकतात. केंद्राकडे तोंड असेल तर उजवा हात घड्याळाच्या उलट दिशेला येतो, बाहेर तोंड असेल तर घड्याळाच्या दिशेने. पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरात चार ताटल्या गोल मांडून हे करून पाहावे, नंतर गरज उरत नाही. विधान-निष्कर्षाच्या प्रश्नांत अडचण वेगळी असते. ‘सर्व विहिरी पर्वत आहेत’ असे दिले तर ते खरे धरून पुढे जायचे. जगातले खरे-खोटे तिथे आणायचे नाही. जाणत्या मुलांच्या चुका इथेच जास्त होतात, कारण त्यांना बाहेरचे पुष्कळ माहीत असते. आकृत्यांच्या २५ प्रश्नांत सगळी आकृती एकदम पाहू नये. एका वेळी एकच गोष्ट तपासावी: आधी संख्या, मग फिरण्याची दिशा, मग रंगवलेला भाग.

वेळापत्रकाबद्दल शहरी पुस्तके जे सांगतात ते इथे जसेच्या तसे चालत नाही. सीईटी साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास येते. नेवासा तालुक्यात तेव्हा गहू काढायचा असतो, उन्हाळी कांदा काढणीला आलेला असतो, पदवीच्या शेवटच्या वर्षाचे काम डोक्यावर असते. नोव्हेंबरपासून गळीत हंगामाची धावपळ. शेतात मदत करणाऱ्या मुलाला ‘शेवटचे दोन महिने रोज आठ तास’ हा सल्ला देणे त्याच्यावर अन्याय आहे. त्याचा अभ्यास पावसाळ्यात सुरू व्हायला हवा. जून ते ऑक्टोबर गणिताचा पाया, पाढे आणि रोजचा एक इंग्रजी लेख. दिवाळीनंतर तर्काचे प्रकार एकामागून एक. जानेवारीपासून आठवड्याला एक संपूर्ण सराव परीक्षा, अडीच तास सलग, न उठता, आणि शक्य तितक्या वेळा संगणकावर. मोबाइलवर सोडवलेला संच आणि पडद्यासमोर खुर्चीत बसून, माउस हातात घेऊन सोडवलेला संच यांत मोठा फरक पडतो. महाविद्यालयातली संगणक प्रयोगशाळा रविवारी अडीच तास उघडी ठेवायला कुणी प्राध्यापक तयार झाले, तर तेवढ्याने पन्नास मुलांचे काम होईल.

प्रत्येक सराव परीक्षेनंतर जितका वेळ ती सोडवायला लागला तितकाच चुका पाहायला द्यावा. चूक कोणत्या जातीची होती ते लिहावे: येत नव्हते, येत होते पण वेळ गेला, प्रश्नच नीट वाचला नाही. तिसऱ्या जातीच्या चुका सर्वांत जास्त निघतात आणि त्यांना नवीन पुस्तक लागत नाही.

निकाल लागल्यावर एक शब्द घरात गोंधळ घालतो: पर्सेंटाइल. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्यांपैकी ९० टक्के विद्यार्थी त्या गुणांवर किंवा त्याखाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षेला लाखाहून अधिक मुले बसतात. एक लाख धरले तरी ९९ पर्सेंटाइलवर किंवा त्याच्या वर साधारण हजार जण असतात. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते, म्हणून गुणांचे सामान्यीकरण केले जाते. दुसऱ्या सत्रातल्या मित्राला किती प्रश्न सुटले याची तुलना करून रात्रीची झोप घालवण्यात अर्थ नाही.

यातून मिळते काय, हेही सांगायला हवे. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने उभी राहिली, आणि तिथला प्रवेश आज सीईटीच्या गुणवत्तेवर होतो. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत मुलाखत नसते. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या मुलीलाही, गुण असतील तर, चर्चगेटच्या त्या वर्गात जागा मिळते. ही राज्याच्या व्यवस्थेतली फार मोलाची बाब आहे.

शेतीशी नाते ठेवून व्यवस्थापन शिकायचे असेल त्यांनी पुण्याची वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था, अहमदाबादच्या आयआयएमचा अन्न व कृषी व्यवसाय अभ्यासक्रम आणि वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये आणंदला उभी केलेली ग्रामीण व्यवस्थापन संस्था यांची माहिती काढावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा पदवीधर तिथे परका ठरत नाही. या संस्थांत मुलाखती होतात, आणि ‘तुमच्या गावाबद्दल सांगा’ हा प्रश्न कुठूनही येऊ शकतो. त्यासाठी नेवाशाच्या मुलाने दोन गोष्टी नीट अभ्यासून जाव्यात. एक, याच जिल्ह्यात, प्रवरा नदीच्या परिसरात, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना कसा उभा केला. १९५०-५१ मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. भांडवल, विश्वास, पतपुरवठा आणि कच्च्या मालाची हमी यांचा तो जिवंत पाठ आहे. दुसरी, दारांना कुलपे न लावण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या शनिशिंगणापुरात २०११ मध्ये युको बँकेने कुलूप नसलेली शाखा उघडली ती कशी. श्रद्धा, जोखीम आणि व्यवसाय यांचा मेळ बँकेने कसा घातला असेल, यावर पाच मिनिटे विचार करून बोलू शकणारा उमेदवार लक्षात राहतो.

शेवटी कागदपत्रे. चांगले गुण मिळूनही प्रवेश हुकतो तो पुष्कळदा इथे. अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी, ईडब्ल्यूएस, यांतले जे आपल्याला लागू असेल ते निकालाची वाट न पाहता, दिवाळीच्या सुट्टीतच तहसीलमधून आणि संबंधित समितीकडून मिळवायला लागावे. नावाचे स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्रावर, आधारवर आणि पदवीच्या गुणपत्रिकेवर सारखे आहे का, हे आजच पाहावे. परीक्षा केंद्र अहिल्यानगरला किंवा छत्रपती संभाजीनगरला आले तर नेवाशापासून दोन्हीकडे साठेक किलोमीटरचे अंतर आहे. सकाळचे सत्र असेल तर पहाटेच्या एसटीच्या भरवशावर न राहता आदल्या संध्याकाळी तिथल्या नातेवाइकांकडे मुक्कामाला जावे.

पुढच्या पानापासून प्रश्न सुरू होतात. वाचकाला विनंती एवढीच, की कोणतीही टीप वाचण्याआधी शेवटी दिलेला पूर्ण सराव संच एकदा घड्याळ लावून, काहीही तयारी न करता सोडवावा, आणि मिळालेले गुण तारखेसह याच पानाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवावेत.